झाकण दोनदा वाजलं

“मॅडम, डोळ्यांपुढं अंधारी येतीया,” नंदिनी म्हणाली आणि आधारासाठी खुर्चीचा हात धरायला गेली. त्या खुर्चीला हातच नव्हता. सरकारी खुर्ची ती. मी टेबलाला वळसा घालून धावले, तिच्या दंडाला धरून तिला भिंतीशी टेकवलं आणि कोपऱ्यातल्या माठावरचं झाकण उचललं.

एक पेला तिनं घटाघटा संपवला. “अजून द्या,” म्हणाली. मी पुन्हा झाकण काढलं आणि दुसरा भरून दिला.

मे महिन्याचा तिसरा आठवडा होता. पोरगी पाच महिन्यांची पोटुशी, वीसेक वर्षांची, एसटीतून तासभर उभ्यानं आलेली.

“सकाळपासून काही खाल्लंयस का?”

“चा पिले की.”

“चहा म्हणजे खाणं नव्हे गं बाई. बरं, आता नीट ऐक. तुझा रिपोर्ट चांगला आहे. काहीही निघालेलं नाही. हा कागद जपून ठेव, बाळंतपणाला येशील तेव्हा लागेल.”

ती हसली. कागदाची चौपदरी घडी करून तिनं पिशवीत घातली, पदर सारखा केला आणि पडदा सारून बाहेर गेली. बाहेर व्हरांड्यात लाकडी बाक होता. त्यावर तिची सासू आणि आणखी चार बायका बसल्या होत्या. चपला घालायला नंदिनी बाकाच्या टोकाला टेकली, तशा त्या चौघी एकदम उठल्या. मला वाटलं, एसटीची वेळ झाली. सासू खोकत खोकत पुढं चालू लागली, सुनेसाठी थांबलीसुद्धा नाही. मला वाटलं, उन्हानं वैतागलीय म्हातारी. त्या दिवशी मला काय काय वाटलं, विचारू नका.

नंदिनी हे तिचं खरं नाव नाही. पुढं येतील ती नावं, धंदे आणि गावंही मी बदलली आहेत. का, ते वेगळं सांगायला नको.

ही २००९ सालची गोष्ट. माणदेशातल्या एका तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात मी एचआयव्हीच्या तपासणीसाठी समुपदेशक होते. रक्त काढण्याआधी माणसाशी बोलायचं, त्याला विचारून त्याची संमती घ्यायची आणि तासाभरानं रिपोर्ट आला की तो एकट्याला बोलावून सांगायचा, हे माझं काम. खोलीवर पाटी होती, पण लोक ‘सहा नंबर’ म्हणायचे. “सहा नंबरात चाललोय” असं कुणी म्हणत नसे अर्थात. सहा नंबरात माणूस आपोआप सापडायचा.

आणि मी? माझा तोरा काय सांगू! तोडकर मॅडमच्या तोंडाला कुलूप आहे, असं अख्ख्या दवाखान्यात बोललं जायचं आणि मला ते ऐकून मूठभर मांस चढायचं. रजिस्टरच्या कपाटाची किल्ली मी मंगळसूत्राच्या पिनेत अडकवून ठेवायची. आमच्या शेजारणीच्या मुलीनं पळून जाऊन लग्न केलं, ते मला दोन महिने आधी माहीत होतं, पण मी नवऱ्यालासुद्धा सांगितलं नाही. तो नंतर चिडून म्हणाला, “तू बायको आहेस की बँकेचा लॉकर?” मला ते कौतुकच वाटलं.

त्याच तोऱ्यात मी अडसूळची वाट लावली.

अडसूळ आमच्या प्रयोगशाळेतला तंत्रज्ञ. अबोल, खाली मान घालून काम करणारा. आदल्या हिवाळ्यात बाजारपेठेतल्या एका शिंप्याचा रिपोर्ट पॉझिटिव्ह आला. मी त्याला समजावलं, धीर दिला, औषधं कुठं मिळतात ते सांगितलं. आठ दिवसांत त्याच्या दुकानात कुणी कापड टाकायला तयार होईना. दिलेली कापडं लोक न शिवताच परत घेऊन गेले. माझं डोकंच फिरलं. रिपोर्ट दोघांनाच माहीत, मला आणि अडसूळला. मी सांगितला नाही म्हणजे कुणी सांगितला, हे काढायला फार अक्कल लागत नव्हती. मी तडक अधीक्षकांच्या केबिनमध्ये गेले. अडसूळला बोलावून घेतलं.

“मॅडम, मी कुणाला काही बोललेलो नाही,” तो म्हणाला.

“मग काय भिंतींनी सांगितलं?”

“भिंतींनी नाही, पण मला तुम्हाला एक...”

“मला काही एक ऐकायचं नाही! एका माणसाच्या पोटावर पाय दिलाय तुम्ही.”

पंधरा दिवसांत त्याची बदली झाली, पार कोकणात. घरी त्याची आई अर्धांगवायूनं पडलेली होती, हे मला माहीत होतं. तरी त्या रात्री मला शांत झोप लागली. न्याय केल्यासारखं वाटलं होतं.

नंदिनी जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पुन्हा आली. या वेळी एकटी. पडद्याच्या आत येऊन उभी राहिली, पण बसेना.

“अगं बस की. पोट केवढं वाढलंय! सासूबाई आल्या नाहीत?”

“मी म्हायेरी हाय. सासूनं आणून सोडलं, त्याच दिवशी सांजच्याला. दारात पिशवी ठिवली आन् माझ्या आईला म्हणली, तुमची लेक तुमास्नी ऱ्हाऊ द्या.”

“का? भांडण झालं?”

ती माझ्याकडं बघत राहिली. मग म्हणाली, “मॅडम, खरं सांगा. मला निघालंय का?”

“काय निघालंय? तुला सांगितलं ना काही नाही म्हणून? कागद दिला होता मी.”

“त्यो सासूनं चुलीत घातला. म्हणली, मॅडम मायाळू हाय, कागदावर काय बी लिवून दील. झाकण काय खोटं बोलत न्हाय.”

“कसलं झाकण?”

मी तिची थट्टा करतेय असं तिला वाटलं असावं. तिचा चेहरा एकदम कडक झाला. “तुमचं. माठाचं.”

“माठाचं काय?”

“आवो, वाजलं की निघालं म्हणून समजत्यात नव्हं? समदा तालुका समजतोय. माझ्या टायमाला दोनदा वाजलं. बाकावरच्या बायकांनी मोजलं. एकदा माझं आन् एकदा पोटातल्याचं.”

खरं सांगते, मला आधी हसू आलं. काहीतरी खुळचट ऐकलं की येतं तसं. मग ते तोंडातच राहिलं. मी माठाकडं बघितलं. स्टीलचं जाड झाकण, वर पेला पालथा घातलेला. आधी पेला उचलायचा, मग झाकण काढून बाजूच्या लोखंडी स्टुलावर ठेवायचं. ठण्ण. पाणी काढलं की पुन्हा माठावर. हा आवाज मी रोज ऐकत होते आणि कधीच ऐकला नव्हता.

“मावशी!” मी ओरडले. “अनुसयामावशी!”

अनुसयामावशी वीस वर्षांपासून तिथं झाडलोट करायची. सकाळी दवाखाना उघडायच्या आधी माठ तीच भरायची. ती हातात फडकं घेऊन आली.

“मावशी, या माठाचं झाकण वाजलं की बाहेर काय समजतात?”

“काय समजत्यात म्हंजे? त्येच.”

“तेच म्हणजे काय?”

मावशीनं नंदिनीकडं बघितलं, मग माझ्याकडं. “आता मॅडम, तुमास्नी म्हायती न्हाय व्हय?”

“कधीपासून चाललंय हे?”

“लई दिस झालं. दोन वर्सं तरी.”

“आणि तुम्ही मला सांगितलं नाहीत?”

“मला काय म्हायती!” मावशी गांगरली. “मला वाटलं, ती तुमची खूण हाय. तोंडानं सांगायची बंदी, म्हणून झाकणानं सांगताय.”

मी खुर्चीत बसले. झालं होतं ते इतकं साधं होतं की लहान पोरालाही कळावं. ट्रेनिंगमध्ये आम्हाला शिकवलं होतं, वाईट बातमी सांगितल्यावर लगेच बोलत सुटू नका, थांबा, माणसाला पाणी द्या. मी ते अगदी मनापासून पाळत होते. रिपोर्ट चांगला असला की दोन मिनिटांत कागद हातात देऊन माणूस बाहेर. त्याला कशाला पाणी? मी स्वतः घरून बाटली आणायची. म्हणजे त्या खोलीत झाकण वाजायचं ते फक्त पॉझिटिव्ह माणसासाठी. आणि पडद्यापलीकडं चार हातांवर बाक. त्यावर तासन् तास बसलेली, आपल्या नंबराची वाट बघणारी, कान टवकारलेली माणसं.

दोन वर्षांत अडतीस जण. आकडा मला पाठ होता. किल्ली गळ्यात घालून मी अडतीस माणसांची दवंडी पिटली होती, तीही त्यांना पाणी पाजत. तो शिंपी त्या दिवशी पाणी पिऊन रडत म्हणाला होता, “मॅडम, तुमच्यासारखं मायेनं कुणी बोललं न्हाय.” आणि बाहेर त्याच वेळी त्याचं दुकान बंद पडत होतं.

“मॅडम,” नंदिनी म्हणाली. मी तिला विसरूनच गेले होते. “चूक तुमची हाय नव्हं? मग तुमीच सांगा त्यांला. आमच्या गावात चला. सासूला, भावकीला सांगा, हिला काय न्हाय म्हणून. मालकांचा फोन बी बंद येतोय.”

तिचा नवरा तमिळनाडूत सोनं-चांदी गाळायच्या दुकानात कामाला होता. आमच्याकडची निम्मी तरुण पोरं या धंद्यात देशभर पांगलेली आहेत, वर्षातून एकदा जत्रेला येतात. आईनं त्याला फोनवर काय सांगितलं असेल ते सांगितलं असेल.

मी उठलेच होते. पर्स घेतली होती हातात. आणि मग थांबले.

“नंदिनी, मी येऊन काय सांगू? हिला फक्त चक्कर आली होती म्हणून पाणी दिलं, असं सांगू?”

“व्हय की. खरं हाय त्ये.”

“मग लोक म्हणतील, हिला चक्कर आली होती. बाकीच्यांना कुठं आली होती?”

तिच्या गावातून त्या वर्षी कोण कोण माझ्याकडं आलं होतं, ते माझ्या डोळ्यांपुढं होतं. त्यांच्यासाठीही झाकण वाजलं होतं. निदान आजवर झाकण खरं की खोटं, अशी लोकांना शंका तरी घेता येत होती. मी गावात उभी राहून एकीला सोडवलं, तर बाकीच्यांवर माझ्याच हातानं शिक्का बसणार होता. हे मी तिला फोडून सांगू शकत नव्हते. नुसतं म्हटलं, “सासूबाईंना इथं घेऊन ये. तुझ्यासमोर, तुझ्या परवानगीनं मी त्यांना रिपोर्ट पुन्हा दाखवते. हवं तर पुन्हा रक्त घेऊ.”

“ती माझ्या सावलीला उभी ऱ्हात न्हाय आन् हितं येतीया!”

“मग मी काय करू, तूच सांग.”

“काय बी करू नका.” तिनं पिशवी उचलली. तिचा आवाज चढला नाही, हेच मला जास्त लागलं. “दुसऱ्यांचं झाकायला माझं घर गेलं तर चालतंय तुमास्नी. ऱ्हाऊ द्या. आन् आता माझ्याबद्दल कुणाला काय बी सांगायचं न्हाय. चांगलं न्हाय, वंगाळ न्हाय. माझ्या सासूला बी न्हाय. एकदा सांगून झालंय तुमचं.”

ती गेली. बाहेर बाकावर माणसं होती. मी पडद्याआडून बघितलंसुद्धा नाही.

दुपारी मी अडसूळचा नंबर मिळवून त्याला फोन लावला.

“अडसूळ, ते शिंप्याचं... तुम्ही नव्हतं सांगितलं.”

“नाही, मॅडम.”

“माठाच्या झाकणामुळं कळत होतं लोकांना.”

मग तो म्हणाला, “मला माहीत होतं. मी चहाला बाहेर आलो होतो तेव्हा बाकावर ऐकलं होतं.”

“माहीत होतं? मग सांगितलं का नाहीत?”

“सांगतच होतो, मॅडम. साहेबांच्या केबिनमध्ये. तुम्ही बोलू दिलं नाहीत.”

मी माफी मागितली. तो “असू दे” म्हणाला. आईची तब्येत विचारली तर म्हणाला, “ती मार्चमध्ये गेली.” त्यानंतर मी काय बोलले ते मला आठवत नाही.

दुसऱ्या दिवशी मी अधीक्षकांना सगळं लिहून दिलं. अडसूळची बदली रद्द करा, असंही लिहिलं. साहेबांनी चष्मा काढून तो कागद दोनदा वाचला आणि म्हणाले, “मॅडम, हे असं लिहून देतं का कुणी? स्वतःच्या हातानं?” मी म्हटलं, “घ्या तुम्ही.” अडसूळला परत यायला पुढं दीड वर्ष लागलं.

आणि मी ठरवलं, आता येईल त्याच्यासाठी झाकण वाजवायचं. सगळ्यांनाच पाणी दिलं की खूण उरणार नाही, साधा हिशेब. पहिल्या बाईचा रिपोर्ट चांगला होता. मी झाकण वाजवलं, तिनं पेल्याला हात लावला नाही. दुसऱ्याचा चांगला होता, पुन्हा वाजवलं. तो तर हात जोडून म्हणाला, “नगं मॅडम, म्या काय केलंय तुमचं?” तिसऱ्याला बोलवायला मी पडदा सारला तर बाक रिकामा. सातजण नंबर सोडून निघून गेले होते.

“म्हणत हुते, आज समद्यांनाच निघायलंय,” मावशी म्हणाली. “एक बाई तर पळाली, बगा.”

म्हणजे वाजवलं तरी पंचाईत, नाही वाजवलं तरी पंचाईत. त्यानंतर मी पाणी द्यायचंच बंद केलं. माठ कोपऱ्यात तसाच होता. मावशी सवयीनं भरायची. जुलैच्या पहिल्या आठवड्यात मी दोघांना वाईट बातमी सांगितली. दोघंही कोरड्या घशानं बाहेर गेले, आणि मी माझे हात टेबलाखाली धरून बसले.

अशाच एका सकाळी पडदा सारून नंदिनीची सासू आत आली.

मला वाटलं, भांडायला आलीय. पण तिच्या हातात टीबी विभागाचं पिवळं कार्ड होतं. त्या दिवशी व्हरांड्यात ऐकलेला तो खोकला टीबीचा निघाला होता. टीबी निघाला की त्या माणसाची एचआयव्हीची तपासणीही करून घ्यायची पद्धत असते. तिला तिकडून माझ्याकडं पाठवलं होतं. मी तिला ओळखल्याचं दाखवलं नाही. सगळ्यांना विचारते तेच विचारलं, तिनं संमतीचा अंगठा दिला, रक्त दिलं आणि तासभर बाहेर बाकावर जाऊन बसली. तास झाल्यावर मी तिला हाक मारली.

ती माझ्यासमोर बसली. तोंडाला पदर लावलेला. मी कागद उघडला. काहीही निघालेलं नव्हतं. मी सांगायला तोंड उघडणार, तेवढ्यात तिला खोकल्याची उबळ आली. साधी नव्हे. म्हातारी वाकली, चेहरा काळानिळा झाला, श्वास आत जाईना. मी सगळं विसरले. उठले आणि माठाकडं गेले. पेला उचलला, झाकणाला हात घातला.

तिनं मागून माझं मनगट धरलं. खोकत, वाकलेली, पण पकड अशी की बांगडी रुतली.

“वाजवू नगा!”

“आजी, पाणी...”

“पाया पडते, बाई. वाजवू नगा. भाईर आमच्या वाडीची दोघं बसल्यात.”

“अहो, तुमचा रिपोर्ट चांगला आहे. तुम्हाला तसलं काही नाही. प्या पाणी.”

“आसंल चांगला. त्यांला काय म्हायती? त्यांला झाकणच ऐकू येनार.” ती मटकन खाली बसली, फरशीवरच. खोकला ओसरला. डोळ्यांतून पाणी गळत होतं, खोकल्याचं असेल. मी झाकण धरून तशीच उभी होते.

बराच वेळ ती तोंड पुसत राहिली. मग पुसायची थांबली.

“माझ्या सुनंला,” ती हळूच म्हणाली, “माझ्या सुनंला बी असंच हुतं का?”

मी नजर झाकणावर वळवली.

“तिला नुस्ती तहान लागली हुती का, मॅडम?”

माझ्या तोंडाशी आलं होतं. ‘हो’ एवढंच म्हणायचं होतं, एक अक्षर. पण ‘माझ्या सासूला बी न्हाय’ असं नंदिनी मला बजावून गेली होती, आणि तिचं तेवढं तरी मला राखायचं होतं. मी म्हटलं, “आजी, मी कुणाचंच कुणाला सांगत नाही.”

“कागद दावला हुता तिनं. म्या चुलीत घातला.” ती माठाकडं बघत बोलत होती. “झाकण वाजलं तवाच मला कळलं हुतं. तिला निघालंय म्हंजे माझ्या लेकाकडनंच आलं आसनार. वरीस वरीस भाईर ऱ्हातोय त्यो. उद्या समदी म्हणतील, हिच्या पोरानं आणलं. म्हणून आदी तिलाच काढली. म्हणलं, तिचं म्हायेर तिचं बगून घील.” मग तिनं माझ्याकडं बघितलं. “पोटातलं बी मोजलं हुतं आमी. दोनदा वाजलं म्हणून.”

मला त्या बाईचा राग यायला हवा होता. आलाही. पण हात माझा होता आणि झाकणही माझं.

ती फरशीला हात टेकून उठली. माझ्या हातातून तिनं झाकण काढून घेतलं आणि स्टुलावर आपटलं. ठण्ण. पेला भरून पाणी प्याली. मग झाकण माठावर ठेवलं, पुन्हा उचललं आणि दुसऱ्यांदा आपटलं. बाहेरची कुजबूज एकदम बंद झाली. दुसरा पेला तिनं सावकाश, उभ्यानं संपवला.

“आता मोजा म्हणावं,” ती म्हणाली आणि पडदा सारून बाहेर गेली.

ती बाकावर जाऊन बसली, चपला घालायला. तिच्या वाडीची दोघं उठली. मग बाकीचीही उठली. या वेळी मला एसटीची वेळ झाली असं वाटलं नाही. लांबलचक बाकावर ती एकटी बसून राहिली. पायात चपला घालून झाल्या तरी उठली नाही. एकदा तिनं बाकाच्या दुसऱ्या टोकाकडं बघितलं, जिथं त्या दिवशी नंदिनी टेकली होती. मग अनुसयामावशीला विचारलं, “पळसवड्याची गाडी कितीला?”

पळसवडे नंदिनीचं माहेर.

मी आत आले. माठाचं झाकण काढलं, वाजायचं ते वाजू दिलं, आणि पेला भरून प्यायले. दोन वर्षांत त्या माठातलं पाणी मी पहिल्यांदा पीत होते. बाहेर उठून उभी राहिलेली माणसं आता माझ्या पडद्याकडं बघायला लागली होती. मावशीनं मला हळूच विचारलं, “मॅडम, तुमास्नी बी लोक म्हणतील की.” मी म्हटलं, “म्हणू देत.” त्या दिवसापासून मी माझी बाटली आणायची बंद केली. दिवसातून आठ-दहा वेळा झाकण माझ्यासाठीच वाजायचं. महिना-दीड महिन्यानं बाकावरची मोजदाद बंद पडली.

म्हातारीला नंदिनीच्या आईनं पहिल्या दिवशी उंबऱ्याच्या आत घेतलं नाही. ती चार वेळा गेली, टीबीच्या गोळ्या खात, एसटीनं. बाळंतपण माहेरीच झालं. मुलगी झाली. नंदिनी सासरी आली ती मुलगी सात महिन्यांची झाल्यावर, नवरा घ्यायला आला तेव्हा.

नंतर एकदा ती लसीकरणाला आली होती. कडेवर मुलगी, मे महिन्याचं ऊन, कपाळावरून घाम निथळत होता. सहा नंबरच्या दारात मला बघून ती थांबली. मुलीचं जावळ काढलेलं होतं. मी तिच्या गोटा डोक्यावरून हात फिरवला. विचारलं, “आत ये की, नंदिनी. पाणी पितेस?”

“नगं, मॅडम,” ती म्हणाली. “मी सरकारी दवाखान्यात पाणी पीत न्हाय.”

तिनं मुलीला दुसऱ्या कडेवर घेतलं आणि उन्हात चालू लागली.